जादूगार खेळ खाऊन टाकतोय? मंत्र कापण्याआधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी माझ्या स्वतःच्या जगासाठी जादूचे नियम लिहितोय. पाया डंजन्स अँड ड्रॅगन्स या, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत फाशांनी खेळायच्या खेळाच्या, पाचव्या आवृत्तीचा आहे. पाचव्या लेव्हलनंतर जादूगार सगळ्यांना झाकोळून टाकतो. मंत्रांचा मारा कमी केला तर तो खेळाडू हिरमुसतो, तसाच ठेवला तर योद्धा आणि चोर खेळणारे नुसते बसून राहतात. जादू समतोल कशी करायची?"

मी चौदा वर्षं टेबलावर खेळ चालवतेय, त्यातली चार वर्षं पूर्णपणे स्वतःच्या नियमांवर. तुमची अडचण मला अगदी ओळखीची आहे, आणि पहिल्यांदा मीही तुमच्यासारखीच मंत्रांच्या यादीवर पेन्सिल घेऊन बसले होते. तिथून सुरुवात करू नका. झोप झाली की जादूगाराला मंत्र परत मिळतात; तुमच्या जगात त्याला एका झोपेपासून दुसऱ्या झोपेपर्यंत किती वेळा लढावं लागतं, ते आधी मोजा.

हिशेबच करून दाखवते. २०१४ च्या नियमांतला पाचव्या लेव्हलचा योद्धा घ्या. हातात दोन हातांनी पेलायची मोठी तलवार: दोन सहापैलू फासे अधिक ४, म्हणजे सरासरी ११ चं नुकसान. या लेव्हलला त्याला एका पाळीत दोन वार मिळतात. शंभरातले ६५ वार लागतात असं धरलं तर राउंडमागे (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक राउंड) साधारण १४. जादूगाराला याच लेव्हलला फायरबॉल मिळतो: आठ सहापैलू फासे, सरासरी २८, आणि तो वीस फूट त्रिज्येत सापडेल त्या प्रत्येकाला. ज्याचा सेव्ह (मंत्रापासून वाचायचा फासा) लागतो त्याला निम्मा. दहातल्या सहांचा सेव्ह चुकतो असं धरा, म्हणजे माणशी २२ च्या आसपास. तीन दांडगे राक्षस आगीत सापडले तर एका मंत्रात ६७.

आता दिवसात एकच चकमक झाली, चार राउंडांची. जादूगार दिवसाचे दोन्ही फायरबॉल टाकतो आणि उरलेल्या दोन पाळ्यांत कितीही वेळा फुकट टाकता येणारा छोटा फायर बोल्ट मारतो: एकूण १४९ च्या आसपास. योद्धा चार राउंड आणि एकदा मिळणारी जादा पाळी धरून ७२. दुपटीचा फरक, आणि तुमच्या टेबलावर नेमकं हेच होत असणार.

तोच दिवस पाच चकमकींचा करा, एकूण वीस राउंड, मध्ये दोनदा तासभराची विश्रांती. जादूगाराला विश्रांतीत एक फायरबॉल परत मिळतो, म्हणजे तीन फायरबॉल आणि सतरा फायर बोल्ट: ३२३. योद्ध्याचे वीस राउंड आणि प्रत्येक विश्रांतीनंतर परत मिळणारी जादा पाळी: ३२९. एकही मंत्र न बदलता दोघं बरोबरीला आले. (खालच्या लेव्हलचे मंत्र मी धरले नाहीत, ते जीव वाचवायला राखून ठेवलेत असं समजा.)

हा योगायोग नाही. गेममास्टरसाठीच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठीच्या, २०१४ च्या पुस्तकात दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकींचा अंदाज दिलेला आहे. अख्खी जादू त्या अंदाजावर बेतलेली आहे. पण शनिवारी संध्याकाळी चार तास जमणाऱ्या गटाच्या किती चकमकी होतात? माझ्याकडे दोन. बोलणं होतं, तपास होतो, बाजारात घासाघीस होते, मग एक मोठी लढाई, आणि "चला, मुक्काम करू." जादूगार रोज भरलेल्या बंदुकीनिशी उठतो. त्याच पुस्तकात एक पर्यायी नियम आहे: छोटी विश्रांती तासाऐवजी आठ तासांची आणि मोठी, झोपेची, रात्रीऐवजी सात दिवसांची. प्रवास आणि राजकारण जास्त असलेल्या खेळाला तो चपखल बसतो, कारण मग एक "दिवस" म्हणजे गोष्टीतला आठवडा होतो आणि तेवढ्यात पाच चकमकी सहज होतात. तुमच्या खेळात आधी हा बदल दोन महिने करून बघा. निम्मी तक्रार तिथेच मिटेल असं मला वाटतं.

उरलेली निम्मी मात्र आकड्यांत सापडत नाही, आणि खरं काम तिथे आहे.

थोडं मागे जाऊ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ चा. त्यात मंत्र सकाळी पाठ करायचा आणि एकदा म्हटला की तो डोक्यातून पुसला जायचा. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांतून आली, म्हणून आजही तिला व्हान्सियन म्हणतात. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला दिवसाला एक मंत्र. तो संपला की हातात खंजीर घेऊन मागे उभं राहायचं. पुढे जाऊन मिळणाऱ्या ताकदीची ही आगाऊ किंमत होती. पण लेव्हल वाढली की मंत्रांची संख्याही वाढायची आणि प्रत्येक फायरबॉलमधले फासेही वाढायचे. दोन्ही बाजूंनी वाढ, म्हणजे गुणाकार. योद्धा बेरजेने वाढत होता. आणि किंमत आधी मोजायची, फळ वर्षभराने मिळायचं. मधल्या काळात गट फुटला तर कुणाचाच हिशेब चुकता व्हायचा नाही. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्यांनाच सारख्या साच्यातल्या शक्ती देऊन टाकल्या: काही हव्या तेव्हा, काही चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. हिशेब चोख बसला. पण माझ्या गटातल्या दोघांनी तेव्हा सांगितलं होतं की जादूगार खेळतोय असं आता वाटतच नाही. ते विसरू नका. तुमचा जादूगार खेळाडू हिरमुसतो, त्याचं कारण कमी झालेले फासे हे नसेलही. आपण वेगळं काहीतरी करतोय ही भावना त्याच्या हातून जात असेल.

आता चोराची गोष्ट. १९७४ च्या मूळ मंत्रयादीत नॉक नावाचा दुसऱ्या लेव्हलचा मंत्र आहे, कुलूप उघडणारा. तेव्हा खेळात चोर हा वर्गच नव्हता. तो १९७५ च्या पुरवणीत आला. म्हणजे कुलूप उघडायचं काम आधी मंत्राकडे होतं आणि ते ज्याचं हक्काचं काम तो माणूस नंतर आला. हे भांडण खेळाच्या जन्मापासूनचं आहे.

माझ्या टेबलावर ते असं घडलं. एका खेळाडूने चोर घेतला होता, कुलपांवर सगळी मेहनत ओतली होती. सहा आठवडे दऱ्याखोऱ्यांत गेले, एकही कुलूप आलं नाही. सातव्या आठवड्यात तिजोरीघराचं दार आलं. तो फासा उचलत होता तेवढ्यात जादूगार म्हणाला, "थांब, माझ्याकडे मंत्र आहे," आणि दार उघडलं. त्यात कुणाची चूक नव्हती. नियमाप्रमाणे बरोबर होतं, पटकन झालं. चोर खेळणाऱ्याने फासा परत पिशवीत ठेवला आणि उरलेल्या वेळात तो फारसं बोलला नाही. त्या दिवशी नुकसानीचा आकडा शून्य होता. एकही हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजणारा गुण) कुणाचा गेला नव्हता. तरी माझ्या चौदा वर्षांतला तो सगळ्यात असमतोल मंत्र होता.

तेव्हापासून प्रत्येक मंत्राला मी एकच प्रश्न विचारते: हा कुणाचं काम हिसकावतो? पाचव्या आवृत्तीतल्या नॉककडे बघा. कुलूप अजूनही उघडतं, पण उघडताना असा ठोका बसतो की तो तीनशे फुटांपर्यंत ऐकू जातो. किती सुंदर दुरुस्ती आहे ही! मंत्राची ताकद तसूभरही कमी केलेली नाही. पण पहारेकरी शेजारच्या खोलीत असेल तर गट आपणहून चोराकडे वळतो, आणि पाठीवर शत्रू असेल तर जादूगाराकडे. दोघांची एकाच दारासाठी वेगवेगळी वेळ आहे. तुमचे मंत्र लिहिताना ही पद्धत वापरा: जादू आवाज करते, किंवा उजेड पाडते, किंवा वास मागे ठेवते, किंवा उशीर लावते. ज्याच्याकडे कौशल्य आहे तो तेच काम गुपचूप, फुकट आणि दिवसभर करू शकतो.

शब्दांचीही काळजी घ्या. आम्ही मराठीत खेळतो आणि मी मंत्र कार्डांवर मराठीत लिहिते. एकदा मी "दार उघडतं" असं लिहिलं होतं. पलीकडून लाकडी ओंडके लावून बंद केलेलं दार त्या एका ओळीवर उघडलं, आणि मला मान्य करावं लागलं. आता कार्डावर "एक कुलूप किंवा एक अडसर" असं आहे. तसंच "समोरचा" आणि "तुला दिसणारा" यांत अंधार, धुकं आणि पडदा एवढा फरक आहे. मंत्राची खरी मर्यादा बहुतेक वेळा त्याच्या आकड्यात नसते, नामात आणि क्रियापदात असते.

काही मंत्र एका माणसाचं काम घेतात, काही थेट तुमच्या कथेचंच घेतात. वाळवंट ओलांडायची मोहीम तुम्ही तीन आठवडे खपून तयार केली आणि गटात अन्नपाणी निर्माण करणारा कुणी असेल, तर ती मोहीम नकाशावरची एक रेघ होते. खुनाचा तपास आणि मृताशी बोलणारा मंत्र, दरबारी कारस्थान आणि खोटं बोलू न देणारं वर्तुळ, दरीवरचा तुटलेला पूल आणि उडण्याचा मंत्र, हे सगळं त्याच जातीचं. यावर सरसकट बंदी घालू नका. तुमचा खेळ कशाबद्दल आहे ते एका वाक्यात लिहा आणि फक्त त्या वाक्याला गिळणारे मंत्र बदला. तपासाचा खेळ असेल तर उडण्याचा मंत्र खुशाल तसाच राहू द्या. मृताशी बोलणारा मंत्र मात्र नीट बघा: पाचच प्रश्न, आणि मृताला जिवंतपणी जे माहीत होतं तेवढंच. मग खुनी पाठीमागून आला होता एवढं ठरवलंत की मंत्रही राहतो आणि तपासही.

किंमत कशी लावायची, यावर लोक फार घाई करतात. सगळ्यात आधी डोक्यात येते ती फाशांची जोखीम: मंत्र फसला तर अनर्थ. वॉरहॅमर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २००५ च्या आवृत्तीत जादूगार मोठ्या मंत्रासाठी जास्त दहापैलू फासे टाकतो, आणि दोन फाशांवर सारखे आकडे आले की काहीतरी बिघडतं. दोन फाशांवर ही शक्यता १० टक्के, तीनवर २८, चारवर जवळजवळ ५०. जितका हावरेपणा तितका धोका, आणि निवड खेळाडूच्या हातात. गणित म्हणून ते मला फार आवडतं. पण मी स्वतःची अनर्थांची यादी केली तेव्हा एक चूक केली होती. माझ्या यादीत "जवळच्या सगळ्यांना आग" असे निकाल भरपूर होते. चमकायला जादूगार, भाजायला योद्धा. तिसऱ्या वेळी योद्धा खेळणारी म्हणाली, "मला न विचारता माझे पैसे का खर्च होतायत?" ती बरोबर होती. किंमत मंत्र टाकणाऱ्याच्या अंगावर पडली पाहिजे, किंवा इतरांवर पडणार असेल तर त्यांना आधी हो-नाही म्हणता आलं पाहिजे.

शॅडोरन या आणखी एका खेळात, १९८९ पासून, मंत्राचा शीण जादूगाराच्या स्वतःच्या शरीरावर येतो. ही किंमत प्रामाणिक आहे. पैशाची किंमत मला लढाईतल्या मंत्रांसाठी कुचकामी वाटते, कारण चौथ्या महिन्यात गट श्रीमंत होतो आणि किंमत उरतच नाही. मेलेल्याला उठवण्यासारख्या विरळ मंत्रांना ती शोभते: रिव्हिव्हिफायला ३०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो, आणि तो हिरा गावात विकत मिळतो की नाही हे तुम्ही ठरवता.

पण माझ्या मते पाचव्या आवृत्तीतली सगळ्यात मोलाची रचना म्हणजे एकाग्रता. टिकून राहणारे बहुतेक मोठे मंत्र एका वेळी एकच धरता येतात, आणि मार बसला की १० किंवा बसलेल्या माराच्या निम्मा, यातला जो मोठा आकडा असेल तो फाशावर गाठावा लागतो. नाही गाठला तर मंत्र सुटतो. यामुळे उडणं, अदृश्य होणं आणि मित्राला चपळ करणं हे एकदम होत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे योद्ध्याला काम मिळतं. जादूगाराने मंत्र धरलाय, त्याच्यापर्यंत कुणी पोचता कामा नये. दारात उभं राहायला आता कारण आहे. तुम्ही सगळं नव्याने लिहिणार असाल तरी ही एक गोष्ट उचला. २०२३ च्या जानेवारीपासून पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा संच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला आहे, त्यामुळे श्रेय देऊन तो वापरायला, बदलायला आणि मराठीत छापायलाही हरकत नाही.

ठरावीक मंत्रांची यादीच नको, खेळाडूने मंत्र जागेवर रचावा असं वाटत असेल तर आर्स मॅजिका बघाच. १९८७ चा खेळ, मध्ययुगीन युरोपातला. त्यात पाच क्रिया आहेत: निर्माण करणं, जाणणं, बदलणं, नष्ट करणं, ताब्यात ठेवणं. आणि दहा विषय: प्राणी, पाणी, हवा, शरीर, वनस्पती, आग, प्रतिमा, मन, माती आणि खुद्द जादू. एक क्रिया, एक विषय, पन्नास जोड्या. प्रत्येक जोडीत जादूगार कमीजास्त तयार असतो, म्हणून "सगळं येणारा" कुणी नसतो. या खेळाने दुसरीही एक गोष्ट धीटपणे केली. जादूगार इतरांपेक्षा भारी आहेत हे त्याने सरळ कबूल केलं, आणि प्रत्येक खेळाडूला एक जादूगार आणि एक साधा साथीदार अशी दोन पात्रं दिली. आज तुझा जादूगार मोहिमेवर, माझा साथीदार. पुढच्या वेळी उलट. समतोल पात्रांमधला नव्हे, माणसांमधला. तुमचा गट चारपाच जणांचा आणि नियमित असेल तर हा मार्ग मला सगळ्यात उमदा वाटतो.

माझे स्वतःचे नियम कुठून आले ते सांगते, कारण तुम्हीही स्वतःचं जग रचताय. कर्णाजवळ इंद्राने दिलेली शक्ती होती, एकदाच वापरता येणारी. ती अर्जुनासाठी राखून ठेवलेली, आणि घटोत्कचाने रात्री असा कहर मांडला की ती त्याच्यावर टाकावी लागली. लहानपणी ऐकताना मला कळत नव्हतं की या प्रसंगात एवढा जीव का अडकतो. खेळ चालवायला लागल्यावर कळलं: शक्ती किती मोठी याने नाही, ती एकच आहे आणि आज टाकली तर उद्या नाही, याने. मला तसं टेबलावर हवं होतं.

म्हणून मी तप मोजायला काचेच्या गोट्या घेतल्या. जादूगारासमोर स्टीलची वाटी, वाटीत बारा गोट्या. छोटा मंत्र एक गोटी, मोठा तीन, प्रलयंकारी सहा. वापरलेली गोटी टेबलाच्या मध्यावरच्या थाळीत टाकायची. झोपून गोट्या परत मिळत नाहीत. व्रत घ्यायचं, मौन किंवा उपास किंवा शस्त्राला न शिवणं, आणि पाळलेल्या प्रत्येक दिवसाला एक गोटी परत.

पहिली तीन सत्रं ते साफ फसलं. जादूगार खेळणारी मुलगी एकही गोटी टाकेना. "पुढे जास्त लागेल" म्हणून ती गोफण फिरवत राहिली. मला कर्ण हवा होता, मिळाली कंजूष सावकारीण, आणि बिचारीला मजाही येत नव्हती. मग मी चार गोट्या हिरव्या केल्या: त्या रोज पहाटे आपोआप परत येतात. उरलेल्या आठ निळ्या, त्या फक्त व्रताने. त्या दिवसापासून ती खेळायला लागली. हिरव्या गोट्या ती हात सैल सोडून वापरते. निळी उचलली की टेबल गप्प होतं. ती गोटी थाळीत पडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो, आणि किंमत मोजली गेली हे कुणाला वहीत बघावं लागत नाही. उपासाचं व्रत चालू असताना तिच्यासाठी पहारा कोण देणार, मौनात असताना तिच्या वतीने सरदाराशी कोण बोलणार, ही कामं योद्ध्याकडे आणि चोराकडे आपसूक गेली. ते मी योजलं नव्हतं. पण आता प्रत्येक नवा नियम लिहिताना मी ते मुद्दाम शोधते: किंमत फेडताना जादूगाराला दुसऱ्या कुणाची तरी गरज पडते का?

तुमचे नियम तपासायचे असतील तर एकच तळघर तीन वेळा चालवा. पहिल्यांदा एका दमात, दुसऱ्यांदा मध्ये दोन विश्रांती देऊन, तिसऱ्यांदा जादूगाराशिवाय. नुकसानीचे आकडे लिहूच नका. प्रत्येक खोलीपाशी फक्त एवढं लिहा की तिथला पेच कुणी सोडवला. पहिल्या दोन पानांवर जादूगाराचंच नाव सारखं येत असेल तर तो मंत्र शोधा, आणि आधी त्याला आवाज द्या, उशीर द्या, एकाग्रता लावा. फासे शेवटी कमी करा. तिसऱ्या पानावर गट पहिल्याच दाराशी अडकून पडला असेल तर दोष तुमच्या तळघराचा आहे; तुम्ही नकळत सगळी कुलपं जादूच्या मापाने केलीत.

आणि चालू खेळात काही बदलायचं असेल तर सत्राच्या मधे नको. जादूगार खेळणाऱ्याला आधी एकट्याला फोन करा, काय होतंय ते सांगा, आणि त्यालाच विचारा की कुठली किंमत घ्यायला आवडेल. माझ्या तिघा खेळाडूंनी मी सुचवली असती त्याहून कडक किंमत स्वतःहून निवडली होती. एकाने तर असं मागितलं की प्रत्येक मोठ्या मंत्रामागे त्याच्या पात्राची एक आठवण जावी, आणि कुठली ते उरलेल्या गटाने ठरवावं.